खाडीच्या नावावर शाडू

"दिगंबर, तू माणूस नव्हेस, परीटघडीचं धोतर आहेस," १९५७ साली डोंबिवलीच्या कुमुदने नौपाड्यातल्या भावाला पत्रात सुनावलं.

किरणोत्सारी सांडपाण्यातलं सीझियम ठाण्याच्या खाडीचा चिखल धरून ठेवतो का, हे ती प्रयोगशाळेत तपासत होती. चिखल आणायचं काम या बी.एस्सी. दिवट्याकडे होतं. मिठागरावरची बायजा त्याला म्हणाली, "उतर ना दादा, खाडी काय खाते का तुला?" पाय बरबटतील म्हणून महाशयांनी मूर्तिकाराकडचा शाडू डब्यात भरला आणि वर 'खाडी' लिहिलं. बायजाकडूनच हे कळलं, तोवर कुमुदच्या नावाने अहवाल गेलेला. तिने लाज गिळून तो मागे घेतला.

"आता खरा चिखल तूच आण," असं तिने पत्राच्या शेवटी बजावलं. दिगंबर पुढे जन्मभर खाडीपासून हाकेच्या अंतरावर राहिला. चिखल काही आला नाही.