बियाण्याचं गाजर

“हे नाही. हे घ्या.”

मातीतून उपसलेली दोन गाजरं काका हातात धरत. एक सरळ, नितळ. दुसरं दोन तंगड्या फाकलेलं. अंगठ्याने माती पुसून दोन्ही नीट निरखत आणि तंगड्यावालं समोरच्याच्या हातात ठेवत. सरळ गाजर त्यांच्या स्वतःच्या पिशवीत जाई. समोर कोणीही असो, नियम तोच. एकदा त्यांच्या ऑफिसातले मोठे साहेब घरी आले होते, त्यांनाही तंगड्यावालंच मिळालं.

“चांगलं ते खायचं नसतं,” काका म्हणायचे. “चांगलं ते बियाण्याला.”

ज्याला बसताच येत नाही असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. आमचे काका, नात्याचे नव्हेत, बसमधल्या ओळखीचे, तसे होते. नोएडाहून दिल्लीला जाणाऱ्या आमच्या चार्टर्ड बसमध्ये ते महिन्याची सीट घेत आणि यमुनेचा पूल आला की दाराशी जाऊन उभे राहत. ऑफिस अजून अर्ध्या तासावर असे. मी हाक मारायची, “काका, बसा ना!” ते म्हणायचे, “बसतो ना. पोचलो की बसतो.”

खरं म्हणजे ती सगळी बसच अस्वस्थ होती. नव्वदीची सुरुवात. कोणी सरकारी नोकरी सोडून प्रायव्हेटमध्ये चाललेला, कोणी शेअर घेतलेला, कोणी टेलिफोनच्या रांगेत. सकाळी सीटवर टेकलं की प्लॉट, सिमेंट आणि कुठला सेक्टर वर जाणार यावर चर्चा. मीही त्यातलीच. पुण्याहून लग्न होऊन आले, कॅनॉट प्लेसला एका कंपनीत लागले आणि दोन वर्षांत आमच्या नावावर नोएडात एक प्लॉट लागला. त्या प्लॉटवर गवत होतं, तरी मी रोज झोपताना तिथे एक खिडकी बसवत असे.

काकांना प्लॉट नव्हता. केंद्र सरकारच्या एका खात्यात आयुष्य गेलं, आता निवृत्तीला आलेले, भाड्याच्या घरात वरच्या मजल्यावर राहत. त्यांच्याकडे होतं ते गाजर. त्यांच्या गावचं, सांगलीकडचं, कृष्णाकाठच्या मळीचं, म्हणजे गाळाच्या रानाचं. दिल्लीच्या लालभडक गाजरापुढे ते आजारी दिसायचं, फिकट आणि बारीक. पण कच्चं चावलं की आधी गोड लागे आणि मागून किंचित तिखट. मला ते फार आवडायचं, तंगड्यावालं असलं तरी.

“गावात आता कोणी बी धरत नाही,” एकदा बसच्या दाराशी उभं राहून त्यांनी मला सांगितलं होतं. “सगळे पुडीतलं आणतात. हे माझ्याकडे आहे तेवढंच. यंदाचं चुकलं की संपलं. मागचं बी जुनं झालं, उगवत नाही.”

“मग इथे कशाला काका? इथे तर सगळं बांधकाम!”

“म्हणूनच तर इथे. गाजर फुललं की माशी इकडचं तिकडे करते. शेजारी दुसरं गाजर फुलत असलं की जात बिघडली. या सेक्टरात आता शेत कुठलं उरलंय? कोसभर दुसरं गाजर नाही.”

शेतं उठवून वसवलेल्या सेक्टरचा असा उपयोग मला तरी सुचला नसता. काका दरवर्षी कोणाचा तरी रिकामा प्लॉट मागून घेत. तिथे घर उठलं की पुढच्या वर्षी दुसरा. चार वर्षांत चार प्लॉट झाले. पाचवा आमचा.

सप्टेंबरअखेर पेरणी, डिसेंबरात काढणी. मग निवडलेली गाजरं ओलसर वाळूत. ही वाळू कुठे, तर कूलरच्या टाकीत! थंडीत दिल्लीचे कूलर रिकामेच असतात, पण त्यात गाजरं पुरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. धुक्याचे वीस दिवस गाजरं त्यात झोपत. जी सुरकुतली ती बाद, जी टणक राहिली ती पास. पास झालेल्यांची शेंडी कापायची, वर दोन बोटं पाला ठेवायचा आणि पुन्हा मातीत लावायची. मार्चात त्यांना पांढऱ्या फुलांच्या छत्र्या फुटत आणि मे महिन्यात बी तयार होई.

“सव्वीस वर्षं संसार केला मी,” काकू माझ्याकडे तक्रार करत, “पण एक सरळ गाजर किसलं असेल तर शपथ!”

काका हसत, उभ्या उभ्या चहा पीत आणि कूलरची जाळी उघडून आत हात घालून येत.

त्या जानेवारीत चाळीस गाजरं पास झाली. लावण्याआधी काकांनी मला विचारलं, “मेपर्यंत प्लॉट राहील ना असाच?”

“बिल्कुल राहील,” मी म्हटलं. “कॉन्ट्रॅक्टर जूनशिवाय हात लावत नाही.”

हे मी म्हटलं. स्वतःच्या तोंडाने म्हटलं.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात कॉन्ट्रॅक्टरचं दुसरं काम अडकलं. तो आमच्याकडे आला. “मैडम, अभी लेबर खाली है. अगले सोमवार से खुदाई कर लेते हैं. नहीं तो दिवाली के बाद देखेंगे.” माझा नवरा माझ्याकडे बघायला लागला. मला काकांची आठवण झाली नाही असं नाही, झाली. पण दिवाळीनंतर म्हणजे आणखी सात-आठ महिने. आजूबाजूला घरं चढत होती. मी हो म्हटलं.

त्याला अजून आठ दिवस होते. त्यातले पाच दिवस मी काकांबरोबर बसमध्ये होते. रोज ठरवायची, पूल आला की उठायचं, दाराशी जायचं, सांगायचं. पूल यायचा, काका उठायचे, मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागायची. तेही माझ्याशी भलतंच बोलत. थंडी संपली म्हणत, बजेट बरं आहे म्हणत. गाजराचं नाव काढत नव्हते. मला वाटलं, सुटले बाई.

शनिवारी संध्याकाळी शेवटी प्लॉटवर गेले. वाफा रिकामा होता. चाळीस खड्डे आणि कडेला पडलेला पाला.

मी धावतच त्यांच्या घरी गेले. गच्चीवर तेलाचे, तुपाचे, रंगाचे डबे ओळीने मांडलेले. प्रत्येकात मातीच्या ढेकळासकट एक गाजर, वर कमरेएवढा दांडा, त्यावर पांढरी छत्री. बहुतेक छत्र्या माना टाकून होत्या. काका त्यांना सुतळीने काठ्यांना बांधत होते.

“काका, मी सांगणारच होते...”

“माहीत आहे,” ते म्हणाले. “मागच्या रविवारी तुमचा कॉन्ट्रॅक्टर फीत घेऊन आला होता. म्हणाला, चाचाजी, अगले सोमवार से खुदाई है.”

म्हणजे त्या पाचही सकाळी त्यांना ठाऊक होतं! रोज बसमधून उतरून, प्लॉटवर जाऊन, सात-आठ झाडं ते वर आणत होते. आणि मला अवघड जाऊ नये म्हणून बजेटवर बोलत होते.

“फुलातलं झाड हलवायचं नसतं,” काकूंनी मला हळूच सांगितलं. काका सुतळी बांधता बांधताच म्हणाले, “बघू. घर मात्र वेळेत उरका तुम्ही.”

मला इतकी लाज वाटली की पुन्हा त्या गच्चीवर मी गेले नाही. एप्रिलअखेर काका रिटायर झाले, त्यांचं बसला येणं बंद झालं. मी विटा, फरशी, नळ यांत स्वतःला बुडवून घेतलं आणि नव्या घराच्या तीन खोल्यांवर चिडचिड करत राहिले.

डिसेंबरात वास्तुशांत झाली. काकू एकट्याच आल्या. ओटीचा नारळ, माझ्यासाठी खण. काका गावाकडे गेलेत म्हणाल्या. बरेच दिवस झाले होते, म्हणून मी धीर करून विचारलंच, “काकू, धरलं का हो बी त्या डब्यांत?”

“धरलं हो,” काकू झटकन म्हणाल्या. “चांगलं मूठभर निघालं.”

मी रडायचीच बाकी होते. आनंदाने त्यांना दुसरा लाडू वाढला, सगळं घर फिरवून दाखवलं, खिडकीसुद्धा. निघताना त्या दारात चपला घालायला वाकल्या आणि तशाच थांबल्या.

“मला मेलीला खोटं जमत नाही बाई. एक दाणा नाही धरला. एप्रिलातच सगळी वाळली. तुम्ही विचारलंत तर असं सांग, म्हणून बजावून गेलेत मला. म्हणाले, त्या पोरीला नव्या घरात रुखरुख नको.”

मी त्यांच्या शेजारी उंबऱ्यावरच बसले.

“दिवाळीपासून तिकडेच आहेत,” काकू पुढे म्हणाल्या. “गावोगाव हिंडताहेत. कोणा म्हातारीच्या गाडग्यात चिमूटभर बी राहिलंय का बघतात.”

“मिळालं का कुठे?”

“काय माहीत! दर आठवड्याला पोस्टकार्ड येतं. मिळालं की नाही ते लिहीतच नाहीत. नुसतं पुढच्या गावाचं नाव असतं.”