हौशीराम आणि दम सोडलेली गाडी

…तर बॉनेट उघडून हौशीराम आत वाकला होता, काल इथवर आलो होतो. मध्येच चहा आला आणि गोष्ट तिथंच राहिली.

गाडी होती घाटघरच्या गोरखची. टर्बोची, डिझेलवरची, दोन हजार सहा सालात घेतलेली, म्हणजे तेव्हा अगदी नवी. आणि हौशीराम म्हणजे जुन्नरच्या स्टँडमागं पत्र्याच्या शेडात गाड्यांच्या वायरी जोडणारा माणूस. जीपगाड्यांच्या जमान्यात त्याच्यासारखा हात तालुक्यात नव्हता. शिनोलीच्या एका नवरदेवाच्या जीपला ब्रेक दाबला की हॉर्न वाजायचा. वरात गावात शिरली, बँडवाले दमून थांबले, तरी हॉर्न थांबेना. हौशीराम वऱ्हाडी म्हणून आला होता. नव्या धोतरानिशी गाडीखाली शिरला, वायर उपटली आणि तसाच काळा होऊन पहिल्या पंगतीला बसला. नवरीपेक्षा लोक त्याच्याकडंच बघत होते. असा हसरा गडी.

त्या दिवशी मात्र हसत नव्हता. गोरखची आई लंकाबाई नुकतीच गेली होती. पहाटे तिच्या छातीत दुखायला लागलं, म्हणून गोरखनं तिला मागच्या सीटवर निजवून जुन्नरचा रस्ता धरला. वाटेतल्या मोठ्या चढाला गाडीनं दमच सोडला. पुढं पिवळा दिवा लागला, ॲक्सिलेटर तळाला टेकवला तरी गाडी आपली बैलगाडीसारखी. मागून-पुढून दुसरं वाहन नाही. दवाखान्याच्या दारात पोचला, तेव्हा मागं वळून हाक मारली तर आईनं ओ दिली नाही.

दहाव्याला नदीवर पावण्यांनी त्याला ऐकवलं, "चांगली जीप इकून ही शायनिंग आनली. जीप आसती तर म्हातारी वाचली आसती." तेव्हापासून त्याच्या मनाला एकच लागून राहिलं होतं, की आपलं काय चुकलं.

"हौशीभाऊ, गाडी दुरुस्त न्हाई झाली तरी चालंल," तो म्हणाला. "पर काय झालं व्हतं, तेवढं मला सांगा." आणि बाहेर लिंबाखाली जाऊन बसला.

शेडातल्या बाकावर गेणभाऊ होता. जन्मभर ट्रक चालवून थकलेला, आता दिवसभर तिथंच बसायचा.

"टर्बो म्हंजी नेमकं काय रं?" त्यानं विचारलं.

"धूर बाहेर पडतो ना, त्याच्या जोरावर पंखा फिरतो. त्यो इंजिनात जादा हवा कोंबतो. किती कोंबली ते एक सेन्सर गाडीतल्या कॉम्प्युटरला कळवतो. त्यानं उलटंसुलटं कळवलं, की कॉम्प्युटर भितो आन् टर्बोचं काम थांबवतो. मग चढाला काय जोर ऱ्हानार?"

"म्हंजी कान भरनाऱ्यावर घर चालतंय म्हन की."

हौशीराम पुन्हा बॉनेटखाली वाकला. पंखा बोटानं फिरवून पाहिला, सुरळीत होता. हवेचे पाइप चाचपले, कुठं चीर नाही. म्हणजे दुखणं वायरीत. मीटर लावला. सेन्सरला करंट नीट पोचत होता, पण सेन्सरकडून परत येणारी वायर जरा हलवली की मीटरवरचा आकडा नाचायचा. त्यानं त्या वायरीच्या टोकाचा प्लग सेन्सरातनं ओढून काढला आणि उजेडाला धरला.

आतल्या पितळी पिना हिरव्या पडल्या होत्या. बोटाला चिकट लागलं. त्या चिकट्यात दोन-चार मुंग्या मरून पडलेल्या, आणि काठाला लाल डाग. कुंकवाचा.

हौशीरामानं तो डाग ओळखला.

खंडेनवमीला त्याच्या शेडापुढं गाड्यांची रांग लागायची. पान्हे-पकडी मांडून पूजा व्हायची, आणि मग फोडलेल्या नारळाचं पाणी हौशीराम स्वतःच्या हातानं एकेका इंजिनावर ओतायचा. ही रीत त्यानंच पाडलेली. जीपच्या लोखंडाला त्यानं कधी काही झालं नव्हतं. गोरखची गाडी यंदा पहिल्यांदाच आली होती. "नवी सून हाय, हिला जादा," म्हणत त्यानं अख्ख्या नारळाचं पाणी तिच्यावर ओतलं होतं, वर कुंकवाची बोटं ओढली होती. लंकाबाई हात जोडून शेजारी उभी होती.

गेणभाऊ उठून आला, प्लगात डोकावला. जुना माणूस, त्याला सांगावं लागलं नाही.

"पूस ते," तो हळू आवाजात म्हणाला. "उंदरानं वायर कुरतडली म्हन. रानातली गाडी हाय, कोन इचारतंय? हे गावात कळलं तर तुझ्या दारात कुत्रं बी येनार न्हाई."

घासायचा ब्रश हाताशीच होता. हौशीरामानं तो उचललाही. दोनदा फिरवला असता की पिना पुन्हा पिवळ्याधमक झाल्या असत्या. पण उंदीर म्हटलं तरी पावणे गप्प बसणार होते थोडेच? गाडी कुठं लावतोस, बॉनेट उघडून बघायला काय झालं होतं, असं म्हणत परत गोरखच्याच मानेवर बसणार. एवढं मनात आलं आणि त्याचा हात तिथंच थांबला. लिंबाखाली गोरख गुडघ्यात डोकं घालून बसलेला त्याला दिसत होता.

त्यानं ब्रश खाली ठेवला आणि गोरखला हाक मारली.

गोरख धावतच आला. "घावलं?"

"घावलं."

"मग सांगा ना, भाऊ. माझंच चुकलं का?"

गेणभाऊनं तोंड फिरवलं. हौशीरामानं तो प्लग, मुंग्यांसकट, गोरखच्या हातात दिला. तो म्हणाला,

"तुझं न्हाई चुकलं, गोरख. ह्यात नारळाचं पानी शिरलंय, खंडेनवमीला मीच वतलेलं. पावण्यांस्नी हे दाव, आन् माझं नाव सांग."