उभ्या पाण्यातली तिरपी दोरी

येवलाम्पियाला गावात मागून 'पळपुटी' म्हणत. पांढऱ्या समुद्राच्या काठी जन्मलेली ही बाई आठव्या वर्षापासून गोठलेल्या दर्यावर बसून नवागा मासा धरत आलेली, आणि एकसष्टीला नाव पडलं ते असं. चार वर्षांपूर्वी 'बर्फ काठापासून सुटला' म्हणून तिने अकरा जणांना मासळी टाकायला लावून किनाऱ्याला पळवलं, आणि तो मेला बर्फ मार्च सरेपर्यंत जागचा हलला नाही. तेव्हापासून तिच्यासोबत यायला धाकटा दीर साव्वाती तेवढा उरला. तोही टोमणे मारायला.

त्या दिवशी वारा पडलेला. धुकं असं की दहा पावलांवरचा साव्वाती नुसता खोकल्यावरून ओळखायचा. मासा मात्र वेडा झालेला. नवाग्याला गळ लागत नाही. दोरीला आमिषाचा तुकडा बांधून बर्फातल्या भोकातून सोडायचा, अधाशी मासा तो तोंडातून सोडतच नाही. वर आला की दोनदा शेपूट आपटतो आणि लाकडासारखा कडक होतो. दोघांच्या मधे हातभर ढीग साचला होता.

भरती पुरी झाली. ओहोटी लागायच्या आधी पाणी घटकाभर उभं राहतं. तेव्हा दोरी ओळंब्यासारखी सरळ लोंबते. येवलाम्पियाची दोरी तिरपी झाली. हलकेच, किनाऱ्याच्या बाजूला. खालून कुणी बोट धरून घरी न्यावं तशी.

तिने ती वर काढली, पुन्हा सोडली. पुन्हा तिरपी.

पाणी उभं होतं. म्हणजे दर्याकडे चालत होता तो तिच्या बुडाखालचा बर्फ. ना आवाज, ना हादरा. गावातलं कुत्रं सकाळपासून पाठीमागे भुंकत होतं, ते आता डाव्या कानाशी भुंकत होतं.

"भावजी, उठा."

"झालं सुरू! अहो वैनी, गाव अजून हसायचं थांबलं नाही. मासा लागलाय, बसा गप."

"ओहोटी लागली की हा तुकडा उघड्या दर्यात जाईल. तुमची दोरी बघा."

"दोरीला मासा आहे."

"मासा असा धरून राहतो होय? एकही हिसका न देता?"

खोकला थांबला. मग साव्वातीचा आवाज आला, एकदम बारीक. "वैनी, ही तिकडे का ओढतेय?"

ढीग तिथेच सोडून दोघं मासळी न्यायला आणलेली घसरगाडी रिकामीच घेऊन निघाली. साव्वाती सकाळच्या चाकोरीवरून धावत सुटला. येताना उमटलेली, स्वच्छ, सरळ घरी जाणारी चाकोरी. येवलाम्पियाने त्याची कॉलर मागून धरली तेव्हा त्याचा एक पाय अधांतरी होता. चाकोरी तिथेच तुटली होती. पुढे काळं पाणी, वाफाळणारं, निवांत.

"सकाळी इथे किनारा होता," तो म्हणाला.

"भूशिराकडे चला. तिथला खडक बर्फाला सगळ्यात शेवटी सोडतो. आणि बोलू नका, दम लागेल."

पाण्याच्या कडेकडेने, कुत्र्याचा आवाज डाव्या हाताला ठेवून ती चालली. मधेच भुंकणं बंद झालं. ती थांबली नाही. फट अरुंद होत गेली. भूशिराशी ती तीन हात उरली होती आणि डोळ्यांदेखत रुंदावत होती. घसरगाडी आडवी टाकली. "आधी तुम्ही," ती म्हणाली. तो गुडघ्यांवर रांगत गेला. ती मधोमध असताना मागचं टोक घसरलं; साव्वातीने तिला दंडाला धरून खडकावर ओढलं. गाडी पाण्यात गेली, तिचाही आवाज झाला नाही.

धुकं जरा फाटलं. समोरून त्यांचीच जागा चालली होती: दोन भोकं, मासळीचा ढीग, बाजूला दोन बसके ओंडके. कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखे. माणसाच्या चालीने सगळं खडकासमोरून पुढे सरकलं आणि धुक्यात शिरलं.

साव्वातीने टोपी काढून छातीशी धरली.

"टोपी घाला, भावजी," येवलाम्पिया म्हणाली. "कान गळून पडतील."