निम्मा परिणाम, चौपट माणसं

"मॅडम, एका गटात पस्तीस पेशंट पुरतात असं हिशोबच सांगतोय. मग सही का अडवलीत?" विभागप्रमुख सर माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. मागे त्यांची विद्यार्थिनी डॉ. संगीता, लोहा तालुक्याकडची.

मी नांदेडला एका मेडिकल कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमारास नोकरीला लागलेली मी. सहीच्या बाबतीत पहिल्यापासून हट्टी.

संगीताच्या प्रबंधाचा विषय साधा होता; त्यातल्या पेशंटच्या आकड्यावर माझी सही लागायची. मधुमेहाच्या म्हाताऱ्या पेशंटना सिस्टरने आठवड्याला फोन करून गोळ्यांची आठवण करून द्यायची. सहा महिन्यांनी, फोन न आलेल्यांपेक्षा त्यांची साखर जास्त उतरली का, ते बघायचं. काही गावांत असे फोन आधीच सुरू होते. अभ्यासात फरक दिसला नाही तर ते बंद करू, असं वरच्या ऑफिसने कळवलं होतं.

पस्तीस हा आकडा एका मेटा-अ‍ॅनालिसिसवरून काढलेला. त्यात जुने अभ्यास एकत्र करून परिणामाची सरासरी काढतात. त्या परिणामाच्या मापाला इफेक्ट साइज म्हणतात. परिणाम मोठा धरला की थोडी माणसं पुरतात. मी ते जुने अभ्यास उघडून बघितले. बहुतेक छोटे, मोठ्या शहरांतले. शिवाय फरक न सापडलेले अभ्यास बरेचदा छापलेच जात नाहीत, म्हणून सरासरी फुगते.

"परिणाम निम्माच धरा," मी म्हणाले. "मग माणसं दोनाच्या वर्गाने, म्हणजे चौपट लागतील."

"चौपट? ह्या दुष्काळात गावं ओस पडलीत. आणायची कुठून?"

"तरणी गेलीत, सर. म्हातारी घरीच आहेत."

तेव्हा संगीता बोलली. "मॅडम, भागीरथाबाई म्हणून माझी एक पेशंट हाय. काल म्हणली, 'पोरं पुण्याला गेली. आठ दिसाला सिस्टरचा फोन येतो, तेवढंच कुणी इचारतंय. बंद नका करू, माय.' मी लोह्यासोबत नायगाव तालुका पण घेते. चौपट करते."

मला गलबलून आलं. तरी आवाज कडक ठेवला. "तिच्यासाठी निकाल वळवायचा नाही. फरक नसला तर नाही असंच लिहायचं."

"हाव, मॅडम. पण असला तर दिसायला तर पाहिजे ना?"

अभ्यासाची 'पॉवर' म्हणजे नेमकं हेच. वर्गात ते समजावायला मला दोन तास लागायचे. मी लगेच नवा आकडा लिहून सही केली.

पोरीने टँकरच्या रांगेत उभं राहून पेशंट गोळा केले. परिणाम निघाला जुन्या सरासरीच्या निम्म्याच्या आसपास, पण स्पष्ट. फोन चालू राहिले.

मला राहवलं नाही. प्रत्येक गटातले पहिले पस्तीस घेऊन गणित केलं. उत्तर आलं, फरक सिद्ध होत नाही. कागद सरांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि मागे उभ्या असलेल्या संगीताला बसायला खुर्ची दिली.

परक्या गावची सरासरी वापरताना ती निम्मी धरावी. पायपीट चौपट होते. ती संगीताने केली, मी फक्त सही केली.