खातूननं परत केलेलं सूप

मिरजगावात खातून मणियार श्रीमंत झाली ती एका सुपामुळे. तिला लॉटरी लागली नव्हती, तिची जमीन हायवेत गेली नव्हती, की चुलीखाली मोहरांचा हंडा सापडला नव्हता. बन्सीच्या पोरीचा चुडा भरून झाल्यावर बन्सीच्या बायकोनं पुढं केलेलं सूप तिनं मागं सारलं, एवढंच घडलं.

त्या सुपात रीतीप्रमाणं गहू होते, वर नारळ, हळकुंडं आणि एक खण. नवरीचा हिरवा चुडा भरणाऱ्या बाईला हा शिधा द्यायचा आणि तिनं तो घ्यायचा. बांगड्यांचे पैसे वेगळे, शिधा हाताच्या कसबाचा. नवरी वाकून बांगडीवालीला नमस्कार करते, मग सूप पुढं येतं, बांगडीवाली ते कपाळाला लावून पदरात रिकामं करते, आणि तेव्हा कुठं चुडा पुरा झाला असं बायका मानतात. खातूनच्या सासूनं जन्मभर तसंच केलं होतं, खातूननंही केलं. पण त्या दिवशी बन्सीची बायको पत्र्याच्या कोठीत कमरेपर्यंत वाकून गहू काढत होती, आणि डबा तळाला खरवडल्याचा आवाज खातूनला बाहेर ओट्यावर ऐकू आला.

"राहू दे वयनी," ती म्हणाली होती, "पुढल्या खेपेला घेईन. दोन पोरी हायेतच की अजून."

सूप तिनं कपाळाला लावलं आणि तसंच परत दिलं.

नेमका त्याच सुमारास तिचा सैफ दुबईला गेला होता. पांढऱ्या लांबलचक गाडीला टेकून काढलेला त्याचा फोटो गावातल्या निम्म्या मोबाईलांवर फिरत होता. बायकांनी दोन्ही गोष्टी एकत्र केल्या. पोरगा गाडीवाला झाला, आईला आता सुपातल्या गव्हाची काय किंमत.

मग सगळं हळूहळू बदलत गेलं. आधी शिध्यातला खण गेला, पुढं नारळ गेला. एका घरी तर सूपच आलं नाही. "तुमाला द्यायचं म्हंजे आमालाच लाज वाटती बाई," असं घरधनीण हसत म्हणाली. बाजारात भाजीवाल्या तिला शेठानी म्हणू लागल्या आणि शेठानीच्या चढ्या भावानं मेथी देऊ लागल्या. मशिदीच्या वर्गणीत अल्लाबक्षचं नाव सगळ्यांच्या आधी घेतलं जाऊ लागलं. अल्लाबक्ष म्हणजे तिचा नवरा. सायकलवर पेटी बांधून पंधरा गावं फिरायचा, पण गुडघे गेल्यापासून दारातल्या बाजेवर बसून असायचा.

"तू ती फरशी बसवायला नको हुती," तो म्हणायचा.

ओट्याला बसवलेली ती लाल फरशी सैफच्या पहिल्या पैशांची. तेवढीच. पुढचा पैसा अल्लाबक्षच्या औषधात जात होता. फोटोतली गाडी सैफची नव्हती. तसल्या गाड्या तो दिवसभर धूत असे. एका मोठ्या गॅरेजात कामाला होता, आठ जणांत एक खोली.

खातून खोटं कधी बोलली नाही. ती फक्त गप्प राहिली. "पोराचं बरं चाललंय ना?" असं कुणी विचारलं की "अल्लाची मेहरबानी" म्हणायची. पोराच्या गाड्या धुण्याची गोष्ट चव्हाट्यावर मांडायला तिची जीभ रेटत नसे. आणि खरं सांगायचं तर शेठानी म्हणवून घेताना कधीकधी बरंही वाटायचं.

खरी गोष्ट गावात एकाच बाईला ठाऊक होती. मुक्ताबाईला.

मुक्ताबाई आणि खातून एकाच वर्षी नांदायला मिरजगावात आल्या. सासूनं खातूनच्या हातात पेटी दिली तेव्हा शिकायला पहिला हात मुक्ताबाईनंच पुढं केला होता. त्या हातावर खातूननं किती बांगड्या वाढवल्या याची गणती नाही. एकदा काच अंगठ्याच्या मुळाशी चांगली रुतली, रक्त आलं. मुक्ताबाईनं घरी जाऊन सासूला सांगितलं, विळा लागला. तो व्रण अजून आहे. सैफचा फोन आला त्या दुपारी खातून याच मुक्ताबाईच्या परसात जाऊन रडली होती. "गाड्या धुतोय गं माझा पोरगा. इथं कुनाला बोलू नगंस." मुक्ताबाईनं तिचा हात धरून ठेवला होता आणि खरंच, कुणाला सांगितलं नव्हतं.

मुक्ताबाईची नात रुपाली. तिच्या हातातल्या पहिल्या बांगड्याही खातूनच्याच. तेव्हा पोर अंगणवाडीत जायची, आणि मुठी आवळून बसली होती. "मूठ सोड, तुझ्या लग्नाचा चुडा बी मीच भरनार हाय," असं म्हणून खातूननं ती मूठ उलगडली होती. पुढं दर नागपंचमीला रुपाली हात पुढं करायची आणि म्हणायची, "आजी, चुड्याचं ध्यानात हाय ना?"

रुपालीचं लग्न कोपरगावला जमलं. नवरा मुलगा हर्षल, घरचा बारमाही ऊस, दोन ट्रॅक्टर, वडील कारखान्याच्या राजकारणात. मिरजगावच्या कोरड्या रानातून त्या घरात पोर द्यायची म्हणजे रुपालीच्या बापाला, मुक्ताबाईच्या आप्पासाहेबाला, अंगापेक्षा मोठा सदरा घालावा लागणार होता. त्यानं तो घातला. दारात मोठा मांडव पडला, स्पीकर आला, घराला रंग लागला.

खातून नगरला गेली. घाऊक दुकानात अर्धा दिवस बसून तिनं चुडा निवडला. गर्द हिरवी काच, मधे सोनेरी रेघ, रुपालीच्या मनगटाचं माप तिला पाठच होतं. एकेक बांगडी तिनं उजेडाला धरून, नखानं वाजवून घेतली. घरी आणून मऊ फडक्यात बांधून पेटीत ठेवली आणि चुड्याच्या सुपारीची वाट बघू लागली.

कारण बांगडीवालीला पत्रिका येत नाही. तिला हळदकुंकू लावलेली सुपारी येते. सुपारी आली म्हणजे चुड्याचं बोलावणं आलं.

आली ती पत्रिका. आप्पासाहेब स्वतः घेऊन आला. जाड कागद, सोनेरी गणपती. पाकिटावर लिहिलं होतं, 'सौ. खातूनबी मणियार, सहकुटुंब सहपरिवार'.

"मावशी, हळदीला आधीच या बरं का. कोपरगावची मानसं उष्टी हळद घेऊन यायचीत. तुमी पुढं पायजेत."

"मी तर पुढंच असनार आप्पा. चुडा हळदीच्या आधी असतो."

"तेच की. या मग," आप्पासाहेब म्हणाला आणि चहा न घेताच उठला.

तो गेल्यावर अल्लाबक्षनं पाकीट उलटसुलट करून बघितलं. "सुपारी कुटंय?"

"आजकाल कोन सुपाऱ्या देतं," खातून म्हणाली. "पत्रिका काय कमी हाय का?"

अल्लाबक्षनं पाकीट तिच्याकडं परत दिलं. बाजेवर पाय घेऊन तो हायवेवरचे ट्रक बघत बसला.

हळदीच्या दिवशी खातून ठेवणीतली जांभळी साडी नेसली, चुड्याची पेटी कापडी पिशवीत घातली आणि मांडवात पोचली. आत बायकांची गर्दी होती. मधे सतरंजीवर रुपाली पाटावर बसलेली, हात पुढं केलेला. तिच्यासमोर गुडघे मुडपून एक तिशीतली बाई बसली होती आणि रुपालीच्या डाव्या हातात चौथी बांगडी सरकत होती. काच फिकट हिरवी होती.

खातून होती तिथंच थांबली. आप्पासाहेब लगबगीनं आला. "मावशी, या, या. इकडं." दंडाला धरून त्यानं तिला नेलं ते सोफ्यावर, कोपरगावच्या बायकांच्या शेजारी. मांडवात बायकांना सतरंज्या होत्या. सोफा एकच, आणि तो पाहुण्यांचा.

"आप्पा, ही कोन?" खातूननं हळू विचारलं.

"काष्टीची हाय. सुमैरा. चांगलं भरती म्हनत्यात."

"आनि मी?"

"मावशी," आप्पासाहेबाचा आवाज खाली आला, "आता तुमी खाली बसून लोकांच्या पोरीबाळींचे हात धरनार का? शोभतं का ते सैफला? पाहुन्यांपुढं आमचीच मान खाली जाईल."

मग तो वळला, आणि आवाज पुन्हा मांडवभर झाला. "या आमच्या खातूनमावशी. घरच्याच समजा. यांचा मुलगा दुबईला असतो. गाड्यांचा मोठा कारभार हाय त्याचा."

कोपरगावच्या विहीणबाईंनी हात जोडले. "अरे वा. म्हणजे शोरूम आहे का?"

खातूननं मान वळवली. दोन पावलांवर मुक्ताबाई हळदीचं ताट घेऊन उभी होती. गावात खरं माहीत असलेली ती एकटी बाई. खातूनला तिच्याकडून मोठं काही नको होतं. "असू द्या ओ, पोरगं कष्टाचं खातंय" एवढं म्हणाली असती तरी पुरे होतं. काहीच न बोलता ताट घेऊन आत गेली असती तरी चाललं असतं.

मुक्ताबाईनं खातूनकडं बघितलं, मग विहीणबाईंकडं. "व्हय," ती म्हणाली. "लई मोठं काम हाय पोराचं. आमच्या आप्पाला बी बोलावतोय तिकडं."

खातून सोफ्यावर मागं टेकली. सोफा फार मऊ होता, तिला धड बसता येईना. मांडीवरची पिशवी तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवली.

रुपालीनं एकदा मान वर केली. नजरानजर झाली. पोरीचे ओठ हलले, पण तिच्या आईनं तिची हनुवटी धरून खाली केली. नवरीनं इकडं तिकडं बघायचं नसतं.

चुडा पुरा झाला. रुपालीनं सुमैराला वाकून नमस्कार केला. सूप आलं. गहू, नारळ, हळकुंडं, आणि खणाऐवजी अख्खी साडी. सुमैरानं ते कपाळाला लावून पदरात घेतलं. मग सोफ्यावरच्या बायकांचे हात भरायला ती पुढं आली. खातूनचा हात हातात घेतल्याबरोबर ती थबकली. तिनं अंगठ्याच्या बाजूचा घट्टा चाचपला. तसाच घट्टा तिच्याही हाताला होता.

"खाला," ती हळूच म्हणाली, "तुमी बी भरता?"

विहीणबाई शेजारीच बसल्या होत्या. मुक्ताबाई पलीकडं ताट धरून उभी होती.

"न्हाई," खातून म्हणाली.

सुमैरानं घट्ट्यावरचा अंगठा काढला. तिनं चार बांगड्या भरल्या. लग्न झाल्यापासून खातूनच्या हातात दुसऱ्या कुणी बांगड्या भरायची ही पहिलीच वेळ.

मानपान झाला. शाल आली, श्रीफळ आलं. स्पीकरवरून 'दुबईस्थित उद्योजक सैफशेठ यांच्या मातोश्री' असा पुकारा झाला. आप्पासाहेबाचं लक्ष तिच्या पिशवीकडं गेलं. "आहेर आनलाय व्हय मावशी? कशाला ओ एवढं," असं म्हणत त्यानं पिशवी अलगद काढून घेतली आणि स्टेजवरच्या रंगीत खोक्यांच्या ढिगात ठेवून दिली. खातूननं ती सोडली. हळद सुरू व्हायच्या आत ती उठली आणि जेवायला न थांबता घरी आली. लग्नाला गेली नाही.

"एवढ्यात?" अल्लाबक्षनं विचारलं. तिनं शाल त्याच्या पायांवर पांघरली. "घे. शेठला शाल दिलीय."

लग्नाला आठवडा झाला असेल. भर दुपारी मुक्ताबाई दारात आली. काखेत सूप, त्यावर झाकलेलं फडकं. तिनं पायरीवर चपला काढल्या आणि लाल फरशीवर खातूनच्या समोर बसली. बाजेवरचा अल्लाबक्ष काठी घेऊन आत निघून गेला.

"रुपालीचा फोन आलता," मुक्ताबाई म्हणाली. "आहेराची खोकी उघडली तिनं. चुडा बघून रडली. सासूनं इचारलं, हे कुनाचं."

"काय सांगितलं?"

"काय सांगनार. गप बसली." मुक्ताबाईनं फडकं बाजूला केलं. गहू, नारळ, हळकुंडं, खण. "भर माझ्या हातात. हिरव्याच भर."

खातूननं आतून पेटी आणली. मुक्ताबाईचा हात हातात घेतला. पेरं आता जाड झाली होती. तिनं हात दाबून, चोळून मऊ केला, अंगठा आत वळवला. व्रणावरून बांगडी बिनबोभाट सरकली.

"आप्पानं तुझ्या सैफचं तिकडं आधीच सांगून ठेवलं हुतं," मुक्ताबाई बोलू लागली. "ऊसवाली मानसं ती. आपल्याकडं बी कुनी हाय, असं दाखवावं लागतं बग. पोरीला पुढं तिथंच नांदायचंय."

"मग सुपारी दिली न्हाई, तशी पत्रिका बी द्यायची नव्हती. मी आले नसते."

"तू यावं असं वाटत हुतं मला."

"सोफ्यावर."

मुक्ताबाईनं दुसरा हात पुढं केला. खातूननं तोही भरला. रस्त्यानं एक टेम्पो गेला, त्याचा धुरळा ओट्यापर्यंत आला.

"आप्पाचं मी समजून घेईन," खातून म्हणाली. "त्याला ते खरंच वाटत असंल. तुला ठावं हुतं मुक्ते."

"एक शब्द गेला गं तोंडातून."

"मी तुझ्या परसात रडले हुते."

मुक्ताबाईनं भरल्या हातांनी वाकून नमस्कार केला, रीत होती म्हणून, की आणखी कशासाठी, कोण जाणे. मग सूप पुढं सारलं. खातूननं ते उचललं, कपाळाला लावलं आणि परत मुक्ताबाईच्या मांडीवर ठेवलं.

"खातून, असं करू नगंस. भरल्या हातानं सूप माघारी न्यायचं नसतं."

"ने. मोठ्या कारभाराच्या घरात गहू कशाला."

मुक्ताबाईनं सूप जवळ ओढलं. मग उठली. सूप काखेत धरून, फडक्यानं न झाकताच, ती भर उन्हात गल्लीतून चालू लागली. हिरव्या बांगड्या किणकिणत होत्या.

समोरच्या ओट्यावर दोघी जणी लसूण सोलत होत्या. एकीनं सूप ओळखलं आणि दुसरीला कोपर मारलं.

"बघ की. मुक्ताआक्कानं घरी आनून दिलं तरी शेठानीनं परत केलं. गडगंज हाय बया."

खातूनला ते स्पष्ट ऐकू आलं. तिनं पेटी बंद केली, फरशीवर पडलेले चार गव्हाचे दाणे वेचून मुठीत घेतले आणि आत गेली.