गेर्मानसारखी बॅटरी

बर्नाउल शहराच्या हाडं गोठवणाऱ्या हिवाळ्यात संध्याकाळी पुरुष माणसं कामावरून परतली की हातात आपापल्या गाडीची बॅटरी घेऊनच जिना चढत. रात्रभर तिला घरात उबेला ठेवायची आणि सकाळी परत गाडीत बसवायची. येफिम सावेलिच या निवृत्त ट्रामचालकानं उभा जन्म हेच केलं होतं. पण त्याचा खरा तोरा सकाळचा. आवारात कोणाची गाडी अडली की हाक त्यालाच. मग स्वारी तारा खांद्यावर टाकून निघायची, आपल्या जुन्या झिगुली गाडीच्या बॅटरीवरून समोरच्याची गाडी चालू करून द्यायची आणि वर त्याला दोन शब्द सुनवायची. बायाबापड्या त्याच्या घरी लोणच्याच्या बरण्या पाठवत.

मग शेजारच्या जिन्यावरच्या घरात गेर्मान राहायला आला. त्याची जपानी गाडी, बॅटरी कोरी करकरीत. कितीही कडाका असो, गाडी एका फटक्यात सुरू. हळूहळू हाका तिकडे जाऊ लागल्या आणि त्यांच्या मागोमाग बरण्याही. येफिमच्या पोटात दुखू लागलं. गेर्मान कोणाच्या मदतीला जातो ते तो खिडकीआडून बघत बसायचा. त्यात बायको तैसिया जेवताना गेर्मानचे गोडवे गायची. किती तत्पर, किती मऊ बोलतो म्हणे. येफिमला सूप कडू लागायचं.

ओम्स्कला तैसियाची बहीण आजारी पडली. शनिवारी सकाळच्या आगगाडीनं तैसियाला तिकडे निघायचं होतं. गेर्मान स्टेशनावर सोडतो म्हणालाय, असं तिनं सहज सांगितलं आणि येफिमच्या अंगाचा तिळपापड झाला.

"माझी गाडी अजून मेलेली नाही," तो म्हणाला.

अर्धीअधिक मेलीच होती. म्हणून शुक्रवारी तो बॅटरी आणायला गेला. दुकानदारानं गाडी कोणती विचारलं, तर या शहाण्यानं झिगुलीचं नाव न काढता गेर्मानच्या गाडीचं सांगितलं. त्याच्याकडे आहे तश्शीच हवी, तसूभर कमी नको. त्या रात्री जुनी बॅटरी वर आणायचे कष्टही त्यानं घेतले नाहीत. आता तिची गरज कोणाला होती?

सकाळी त्यानं जुनी बॅटरी सोडवली. आधी मायनस, मग प्लस, सगळं रीतसर. नवी आत ठेवली आणि त्याचे हात थबकले. झिगुलीला प्लस लागतो डावीकडे, हिचा होता उजवीकडे. बॅटरी फिरवून पाहिली तर तार वीतभर आखूड. घाईघाईनं जुनी परत जोडली, पण रात्रभर गारठलेली ती, नुसती टकटक करून गप्प झाली.

तैसिया बॅग घेऊन खाली आली. गेर्मानही आला. त्यानं वाकून आत पाहिलं आणि सरळ आपल्या गाडीचं दार उघडलं. तो हसला असता तर येफिमला निदान भांडता तरी आलं असतं.

गेर्मान स्टेशनाबाहेर गाडीतच थांबला, येफिम तैसियाची बॅग उचलून तिच्याबरोबर आत गेला. फलाटावर तैसियानं बॅग हातात घेतली.

"दर हिवाळ्यात सांगत होते, नवी बॅटरी घे. माझं कधी ऐकलंस? तो आला आणि लगेच घेतलीस. तीसुद्धा त्याच्या गाडीची."

ती डब्यात चढली. तिला थांबवावं, चुकलो म्हणावं, असं त्याला फार वाटत होतं. गाडी हलली तेव्हा तैसियानं खिडकीतून हात हलवला. हसलीही थोडी. हा हात आपल्याला की गेर्मानला, अशी शंका येफिमच्या मनात आलीच. त्यानं झटकन मागे वळून पाहिलं.

मागे कोणी नव्हतं. तो पुन्हा वळेपर्यंत तिचा डबा पुढे निघून गेला होता.