साडूंचा साडेतीन

माझ्या साडूंची वाईन चांगली होते, यात माझा काहीही दोष नाही. तरी शिक्षा मलाच!

"दाजींनी यंदा काय वाईन केलीय!" माहेरहून आल्या आल्या बायको सुरू झाली. दाजी म्हणजे तिच्या ताईचे यजमान, सुनीलराव. दिंडोरीला त्यांची द्राक्षबाग. माझ्या हातच्या चहालाही नाक मुरडणाऱ्या सासूबाईंनी म्हणे ती वाईन मागून घेतली. (औषध म्हणून!)

माझा जळफळाट झाला. मीही काळी द्राक्षं आणली, बरणीत आंबत घातली, आणि वाईन गाळून झाल्यावर सुनीलरावांना अगदी सहज फोन केला.

"पीएच किती आला?" त्यांनी विचारलं.

"तुमचा किती?"

"साडेतीन."

पीएचवरून आंबटपणा कळतो, एवढं मला ठाऊक होतं. पेनाएवढं मीटर मागवून वाईनमध्ये बुडवलं. तीन! अर्ध्या मार्कानं मागे!

"आंबटपणा कमी पडतोय," मी बायकोला म्हणालो.

तिनं चमचाभर चाखली. मिटलेला डावा डोळा उघडेचना. "कमी? अहो, चिंच परवडली!"

"मीटरपेक्षा तुला जास्त कळतं?" मी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरीला, दिवसभर मीटरच बघतो. आकडा चढला की वीज वाढली, इतकं साधं शास्त्र!

लिंबाचं सत्त्व घातलं. आकडा उतरला! आणखी घातलं. आणखी उतरला! मीटर साडूंना फितूर झालंय, अशी माझी खात्री पटली. शेवटी अख्खं पाकीट ओतलं आणि रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावलं.

साडेतीन गाठायला किती सत्त्व ओतलं, हे मी अभिमानानं सांगत असतानाच सुनीलरावांनी घोट घेतला. त्यांचे गाल आत गेले, कान मागे सरकले. पेला दूर सारून ते म्हणाले,

"साडूभाऊ, पीएच उलटा चालतो हो! आकडा उतरला की ॲसिड चढतं!"

सगळे पोट धरून हसत असताना सासूबाईंनी आपला पेला हळूच कोपऱ्यातल्या काळ्या पडलेल्या तांब्याच्या घंगाळात रिकामा केला. आणि किंचाळल्या, "अगं बाई! हे बघा!"

वाईन जिथून ओघळली, तिथे घंगाळ नव्यासारखं लखलखत होतं! सासूबाईंनी उरलेल्या सगळ्या बाटल्या पिशवीत भरल्या आणि सुनीलरावांकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या वाईननं एक भांडं तरी उजळतं का?"

सुनीलरावांचा चेहरा पडला. काय सांगू, कसं गार वाटलं! त्यांची वाईन अजून जेवणाच्या टेबलावरच अडकलीय. माझी थेट सासूबाईंच्या देवघरात पोचली.

समया घासायला!